प्रभागाच्या रेषेवर हरकत कशी घ्यावी: ठाणे आणि नवी मुंबईसाठी

महापालिकेत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा आहेत, त्या ७४व्या घटनादुरुस्तीमुळे. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी अशी एकही जागा नाही. १९०९ साली मुस्लिमांसाठी आलेले स्वतंत्र मतदारसंघ (जिथे फक्त त्याच समाजाचे मतदार मत देत) इतिहासजमा झाले, आणि संविधान सभेने १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागांची कल्पनाही सोडून दिली. त्यामुळे मुंब्रा-कौसा असो की तुर्भे स्टोअर, वस्तीचं वजन बरंचसं प्रभागाच्या रेषेवर ठरतं. आणि ही रेषा प्रारूप, म्हणजे कच्च्या मसुद्यात, असते तोवरच हलते.

आधी गणित करा. ठाण्याची २०११ ची लोकसंख्या १८,४१,४८८, जागा १३१. चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी ५६,२२९ येते. दहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ५०,६०६ ते ६१,८५१. नवी मुंबईत ११,२०,५४७ लोकसंख्येला १११ जागा. सरासरी ४०,३८०, मर्यादा साधारण ३६,३४० ते ४४,४१८. आकडे २०११ चेच धरले जातात. ‘घोडबंदरला आता किती टॉवर झाले’ हे हरकतीत लिहून काही मिळत नाही, तरी दर वेळी निम्मे अर्ज त्यावरच असावेत असं वाटतं.

प्रारूपाच्या नकाशासोबत प्रगणक गटांची (जनगणनेत मोजणीसाठी पाडलेल्या छोट्या भागांची) यादी असते. वस्ती कोणकोणत्या गटांत येते ते जागेवर फिरून शोधा. नकाशावरची रेषा नाल्याच्या अलीकडून गेलीय की पलीकडून, हे कागदावर कळत नाही. गट शक्यतो फोडायचा नसतो, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्याही शक्यतो फोडायच्या नसतात. कारण उघड आहे: राखीव जागा टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने जातात. वस्ती दोन प्रभागांत वाटली गेली की दोन्हीकडची टक्केवारी घसरते, आणि जागा तिसरीकडे जाते.

आता खरी मेख. नुसतं ‘आमची वस्ती एकत्र ठेवा’ म्हणू नका, अदलाबदल सुचवा. समजा, प्रभागात ५९,८०० लोक आहेत आणि तुम्हाला ३,२०० ची वस्ती त्यात आणायचीय. बेरीज ६३,०००, मर्यादा ओलांडली. मग दुसऱ्या टोकाचे किमान १,१४९ लोकसंख्येचे सलग गट बाहेर द्यावे लागतील. ते ज्या प्रभागात जातील आणि वस्ती जिथून निघेल, ते दोन्ही प्रभाग मर्यादेत राहतात का, तेही तपासा. गट क्रमांक, लोकसंख्या आणि नवी हद्द, तीनही लिहा. हद्द रस्ता, रेल्वे, खाडी, नाला यांवरूनच न्या. ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून जोडलेली वस्ती सुनावणीत टिकवणं अवघड.

धर्म हे कारण देऊ नका. गटनिहाय यादीत धर्माचा आकडा नसतोच. शाळा, दवाखाना, पाण्याची लाईन, रोजची ये-जा यांवर मांडणी करा.

एक गोष्ट मात्र हरकतीनेही सुटत नाही. चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड या प्रत्येक जागेचं मतदान वेगळं होतं. साठ टक्के मतदार एकजुटीने गेले तर चारही जागा त्यांच्याच. चाळीस टक्क्यांच्या वाट्याला एकही नाही. त्यामुळे मोठ्या प्रभागात वस्ती एकत्र राहूनही हरू शकते. उमेदवारी ठरवताना हे आधीच लक्षात घ्या.

अर्ज मुदतीतच द्या, शेवटची तारीख जाहीर सूचनेत असते. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. सुनावणीत बोलायला थोडकाच वेळ मिळतो: रंगवलेला नकाशा आणि एक पानी तक्ता पुरे. शंभर सह्यांचा एकच अर्ज द्या. एकाच मजकुराच्या शंभर अर्जांनी मुद्दा शंभरपट होत नाही.

रेषा अंतिम झाल्यावर प्रारूप मतदार यादी पाहा. विधानसभेच्या यादीचेच प्रभागवार तुकडे केलेले असतात, आणि सीमेवरच्या इमारती शेजारच्या प्रभागात सरकतात. इथे नवं नाव घालता येत नाही. चुकीचा प्रभाग, लेखनातली चूक किंवा विधानसभेच्या यादीत असूनही इथे गळलेलं नाव, एवढंच दुरुस्त होतं. सीमेलगतची प्रत्येक इमारत यादीत नावानिशी तपासा.