इराणवरचं पुस्तक स्वतः छापताय? मग या चुका टाळा

इराणहून परतलेला माणूस आठवडाभरात पुस्तक लिहायला बसतो. मीही बसलो होतो. निघताना चारजणांनी 'तिकडे कशाला मरायला जातोस?' असं विचारलेलं असतं, आणि त्या चौघांना पुस्तक छापूनच उत्तर द्यायचं असतं. ती घाई मला कळते. पण स्वतः छापताना हात धरणारा संपादक नसतो, आणि गैरसमज दूर करायला निघालेलं पुस्तकच नवे गैरसमज वाटत सुटतं. गेल्या काही वर्षांत अशी बरीच हस्तलिखितं माझ्याकडे आली. चुका त्याच त्याच.

सगळ्यात वाईट चूक माझी स्वतःची आहे, म्हणून आधी तीच सांगतो. एका गावात (गावाचं नाव आता सांगत नाही) एका कुटुंबाने मला दोन दिवस ठेवून घेतलं. घरात शिरल्यावर बायकांनी डोक्यावरचे रुमाल काढून ठेवले, चहा झाला, गप्पा राजकारणावर गेल्या, आणि घरच्या काकांनी सरकारबद्दल मनातलं सगळं बोलून टाकलं. मी फोटो काढले. त्यांनी हसत काढू दिले. पुस्तकात मी तो फोटो पानभर टाकला, खाली सगळ्यांची नावं, मोहल्ला आणि काकांचं एक झणझणीत वाक्य. फाईल छपाईला गेल्यावर हौसेने ते पान त्यांच्या मुलीला पाठवलं. तिचं उत्तर एका ओळीचं होतं: 'बाबांची नोकरी सरकारी आहे.'

छापखान्यात धावलो तोवर 300 प्रतींचा तो फॉर्म (एकत्र छापला जाणारा सोळा पानांचा गठ्ठा) छापून झाला होता. सोळाच्या सोळा पानं रद्दीत घातली आणि नवा फॉर्म पदरच्या पैशांनी छापला. पैशांचं दुःख नाही. ते वाक्य बाहेर गेलं असतं तर काय, या विचाराने पुढचे बरेच दिवस झोप नव्हती. तिथे डोकं झाकणं हा बायकांसाठी कायदा आहे. 2022 मध्ये महसा अमिनी ही तरुणी याच कारणावरून पकडली गेली, पोलिसांच्या ताब्यात असतानाच कोसळली आणि रुग्णालयात मरण पावली, त्यानंतर देशभर लोक रस्त्यावर आले. घरात रुमाल काढणं ही त्यांची रोजची गोष्ट, पण छापलेला फोटो हा पुरावा होतो. फोटो काढायला दिलेली परवानगी ही छापायची परवानगी नव्हे. आता मी नाव, गाव आणि व्यवसाय तिन्ही बदलतो, आणि बदललेत असं प्रस्तावनेत सरळ लिहितो. यावर एका नवलेखकाने मला ऐकवलं, 'मराठी पुस्तक तिकडे कोण वाचणार?' अहो, चेहरा वाचायला मराठी लागत नाही. आणि बाकीचं भाषांतर हल्ली फोनचा कॅमेरा करून देतो.

दुसरी चूक मुखपृष्ठावरची. फारसी अक्षरं दिसायला सुंदर, म्हणून प्रत्येकाला ती शीर्षकाखाली हवी असतात. माझ्या ओळखीच्या एकाने 'सफरनामे' हा शब्द फारसीत टाकला. त्याच्या डिझायनरच्या सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीची सोय चालू नव्हती. परिणाम असा की एकमेकांना जोडून यायची अक्षरं सुटी सुटी पडली, वर क्रमही उलटा झाला. आपल्याकडे कुणी 'प्रवास' हा शब्द 'स व ा र प ्' असा छापावा, तसं. कुणाच्याच लक्षात आलं नाही. प्रकाशनाला एक इराणी विद्यार्थी आला होता, त्याने मुखपृष्ठ बराच वेळ न्याहाळलं आणि अत्यंत अदबीने विचारलं, 'हे नक्षीकाम आहे का?' फारसी मजकूर जाणकाराकडून तपासून घ्या आणि तो चित्र म्हणून बसवा. फॉन्टही बघून घ्या. अरबीपेक्षा फारसीत प, च, झ्ह आणि ग ही चार अक्षरं जास्त आहेत, ती नसलेल्या फॉन्टमध्ये नुसत्या चौकटी उमटतात.

आणि मुखपृष्ठावर काळ्या चादोरमधली (अंगभर पांघरायच्या वस्त्रातली) बाई पाठमोरी नको. कृपा करा.

गुलाबी चष्मा ही पण चूकच. एका हस्तलिखितात वाचलं: 'टॅक्सीवाल्याने पैसेच घेतले नाहीत, केवढं हे आदरातिथ्य!' टॅक्सीवाला 'काबेल नदारे' म्हणाला असणार, म्हणजे 'त्याचं काय एवढं'. याला तारोफ म्हणतात. आपण आग्रह करायचा, त्याने पुन्हा नको म्हणायचं, मग घ्यायचे. लेखकमहाशय आभार मानून उतरले! बिचाऱ्याचं भाडं बुडवून वर त्यावर एक प्रकरण लिहिलं. इराणी लोक प्रेमळ आहेतच, पण नुसतं कौतुक छापलंत तर वाचकाला जाहिरात वाटते.

आता भराभर. इराणी म्हणजे अरब नव्हेत. फारसीने लिपी अरबीकडून घेतली, भाषा नाही. बाजार, कागद, दस्तऐवज हे शब्द आपण रोज वापरतो ते फारसीतूनच आलेत, एवढं तरी लक्षात ठेवा. बोलताना तोमान, नोटेवर रियाल, आणि एक तोमान म्हणजे 10 रियाल. हा घोळ केलात तर तुमचा चहा दहापट महाग होतो. महागाई अशी की भाव छापायचेच तर महिना आणि वर्ष सोबत द्या. फुकटचा नकाशा घेताना त्यावर 'पर्शियन आखात'ऐवजी 'अरबी आखात' लिहिलंय का बघा; इराणी वाचक तिथेच पुस्तक मिटेल. एकच गाव पान 12 वर इस्फहान आणि पान 90 वर एस्फहान नको, नावांची यादी पहिल्या दिवसापासून ठेवा. छापील पुस्तक आणि ई-बुक यांना वेगवेगळा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) लागतो. पानसंख्या आणि कागद ठरल्याशिवाय मुखपृष्ठ पक्कं करू नका, पुस्तकाच्या कण्याची (पाठीच्या पट्टीची) जाडी त्यावरच ठरते. व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो छपाईला देऊ नका, मूळ फाईल मागवा.

आणि नमुना प्रत घ्याच, पडद्यावर बघून भागत नाही. पडदा रंग प्रकाशातून दाखवतो, छपाई चार शाईंतून. इस्फहानच्या शाह मशिदीचा फिरोजी घुमट माझ्या लॅपटॉपवर झळकत होता. साध्या कागदावरच्या पहिल्या नमुन्यात त्याच घुमटाला शेवाळ धरलं होतं.