लिनक्स ड्रायव्हर रेगमॅपवर आणताय? या चुका टाळा

आयटूसी किंवा एसपीआय या बसवर (चिपा जोडणाऱ्या तारांवर) बसलेल्या चिपांचे लिनक्स ड्रायव्हर वाचत गेलं की तोच कोड पुन्हा पुन्हा भेटतो: लॉक घ्या, रजिस्टर (चिपमधला छोटा साठा) वाचा, दोन बिट बदला, परत लिहा. ही पुनरावृत्ती थांबावी म्हणून मार्क ब्राउन यांनी ध्वनी-ड्रायव्हरांच्या सामाईक कोडमधून रेगमॅप, म्हणजे रजिस्टर वाचण्या-लिहिण्याचा सामाईक थर, वेगळं काढलं. २०११ साली ते कर्नल ३.१ मध्ये आलं. तेव्हापासून जुने ड्रायव्हर त्यावर आणण्याचं काम चालू आहे, आणि त्यात बरेच जण फक्त किती ओळी कमी झाल्या ते मोजतात. माझ्या मते आधी पाहायला हवा तो त्याच कोडच्या दोन ड्रायव्हरांतल्या नकलांमधला फरक. एका ड्रायव्हरात बाइट उलटवले आहेत आणि दुसऱ्यात नाहीत, तर ती त्या चिपचीच गरज असू शकते. डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकात) कारण सापडेपर्यंत जुना कोड पुसू नका. पुढे नेहमीच्या चुका, प्रत्येकीचं लक्षण आधी.

आकडे भलतेच येतात. एसएमबसचं (आयटूसीवर आधारलेल्या नियमांचं) वर्ड-वाचन, म्हणजे १६ बिटी वाचन, खालचा बाइट आधी धरतं. रेगमॅपला काही सांगितलं नाही, तर आयटूसीवर ते १६ बिटी किंमतीत वरचा बाइट आधी धरतं. एलएम७५ हा तापमान सेन्सर २५ अंशांना हेक्स १९०० देतो. रेगमॅप आल्यावरही जुनं उलटवणं तसंच राहिलं तर हातात ००१९ येतं आणि ड्रायव्हर शून्य अंश सांगतो. याउलट, जुना ड्रायव्हर न उलटवता वाचत असेल तर रेगमॅपच्या कॉन्फिगमध्ये लिटल एंडियन (खालचा बाइट आधी) स्पष्ट लिहावं लागतं.

इंटरप्ट (चिपने लक्ष वेधायला दिलेला इशारा) साफच होत नाही. ही चूक फार फसवी आहे, कारण कोड अगदी नीटनेटका दिसतो. काही स्टेटस रजिस्टरांत बिट साफ करायला त्यावर १ लिहावा लागतो. तिथे अपडेट-बिट्स हे रेगमॅपचं फंक्शन वापरलं की ते आधी वाचतं, बिट १ च आहे असं पाहतं, काही बदलायचं नाही असं ठरवतं आणि लिहीतच नाही. त्याच वेळी दुसरा एखादा बिट बदलायला गेलात तर वाचलेले सगळे १ परत लिहिले जातात आणि न हाताळलेले इंटरप्टही पुसले जातात. अशा रजिस्टरावर साधं राइट वापरा, तेही फक्त हव्या त्या बिटासाठी.

किंमत गोठून राहते. रेगमॅपची कॅश (किमतींची मेमरीतली प्रत) चालू केली, पण हार्डवेअर स्वतः बदलतं ती रजिस्टरं व्होलाटाइल, म्हणजे कॅशमधून न वाचायची, म्हणून नोंदवली नाहीत, असा याचा अर्थ. वाचताच साफ होणारी रजिस्टरं प्रेशस (उगाच न वाचायची) म्हणूनही नोंदवा, नाहीतर डीबगएफएस या कर्नल तपासण्याच्या फाइलप्रणालीतली रजिस्टरांची फाइल नुसती उघडून वाचली तरी इंटरप्ट हरवतील.

सस्पेंडनंतर चिप गप्प. वीज गेल्याने रजिस्टरं मूळ स्थितीत गेलेली असतात. कॅश चिपवर परत लिहिणाऱ्या सिंकच्या आधी, कॅश जुळत नाही असं सांगणारं मार्क-डर्टी हवं, एरवी कॅशला सगळं जुळलेलंच वाटतं.

‘शेड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक’. झोपायची (थांबून राहायची) मुभा नसताना कोड झोपला की कर्नल ही चूक दाखवतं. आयटूसी रेगमॅप म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) घेतं, त्यामुळे तिथे झोपावं लागू शकतं. इंटरप्ट हँडलरमध्ये असं वाचन असेल तर ते झोपू शकणाऱ्या थ्रेडेड इंटरप्ट हँडलरमध्ये न्या.

लॉकबद्दल अजून एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. रेगमॅपचं लॉक एका कॉलपुरतं असतं. आधी पेज (रजिस्टरांचा गट) निवडा, मग डेटा लिहा, असा क्रम जुना म्युटेक्स सांभाळत असेल तर तो काढू नका, किंवा पेज स्वतः निवडणारी रेगमॅपची रेंजची सोय वापरा. एकाच पीएमआयसीचे (वीजपुरवठा सांभाळणाऱ्या चिपचे) रेग्युलेटर, आरटीसी (घड्याळ) आणि जीपीआयओ (सामान्य वापराच्या पिना) असे तीन ड्रायव्हर असतील तर प्रत्येकाने आपला वेगळा रेगमॅप बनवू नये. तीन लॉक झाली की एकाचं लिहिणं दुसरा पुसतो. पालक एमएफडी (अनेक कामांच्या चिपच्या) ड्रायव्हरने एकच बनवावा आणि मुलांनी तो पालकाकडूनच मागून घ्यावा.

एका पॅचमध्ये एकच ड्रायव्हर बदला. मग लॉजिक ॲनालायझर (बसवरचे संकेत टिपणारं उपकरण) लावून जुन्या आणि नव्या कोडने बसवर टाकलेले बाइट शेजारी शेजारी ठेवून पाहा, प्रोब (ड्रायव्हर चिपशी जोडला जाताना), सस्पेंड आणि रिझ्यूम या तिन्ही वेळांचे.