नोकरीतला आरोग्य विमा: आधी हे तपासून ठेवा

पगाराच्या स्लिपवर कपातीचा रकाना बघा. कारखाना लोट्याचा असो, मिरजोळ्याचा की कुडाळ एमआयडीसीतला, तिथे ‘ईएसआय’ (कर्मचारी राज्य विमा ही सरकारी योजना) दिसलं तर नियम वेगळे, नाही दिसलं तर वेगळे.

ईएसआय महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना लागू होतो. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. म्हणजे १९,००० पगारावर तुमचे १४३ रुपये कापले जातात. एवढ्यात घरच्यांचेही उपचार होतात, पण त्यांची नावं कार्डावर चढलेली हवीत. ती चढवायला लोक विसरतात आणि आई आजारी पडली की धावपळ सुरू होते. आजारपणाच्या रजेत ७० टक्के पगार वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. त्यासाठी आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. कंत्राटदाराकडे असाल तर वर्गणी खरंच भरली जाते का, हे ईएसआयसीच्या पोर्टलवर स्वतः बघा. स्लिपवर कापली म्हणजे भरली असं नाही.

पगार २१,००० रुपयांहून जास्त असेल तर कंपनीची ग्रुप पॉलिसी. एचआरकडून ई-कार्ड मिळतं, पण त्यावर कामाचं फारसं काही नसतं. अटींचा कागद मागून घ्या आणि त्यात सर्वांत आधी खोलीभाड्याची मर्यादा शोधा. खरा घोटाळा इथेच होतो.

समजा विमा ३ लाखांचा, खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. तुम्ही ६,०००ची खोली घेतली, ५ दिवस राहिलात. खोलीचे ३०,०००, डॉक्टर-सर्जन-ऑपरेशन थिएटरचे ८०,०००, औषधं आणि इम्प्लांटचे ४०,०००. फरक १५,०००चाच, असं वाटतं. पण खोली दुप्पट भाड्याची, म्हणून ऑपरेशनचा खर्चही निम्माच मंजूर होतो. औषधं आणि इम्प्लांट यातून सुटतात. दीड लाखातले ९५,००० मिळतात, ५५,००० खिशातून जातात. तेव्हा भरती होतानाच काउंटरवर ‘आमची मर्यादा ३,०००’ असं स्पष्ट सांगा.

पुढचा प्रश्न, कॅशलेस कुठे? मोठ्या ऑपरेशनला आपली कोकणातली माणसं घाट चढून कोल्हापूर नाहीतर गोव्यातलं बांबोळी, मुंबई गाठतात. टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) यादीत आपल्या तालुक्याबरोबर ही ठिकाणंही आत्ताच बघून ठेवा. रुग्णालय यादीत नसेल तर पैसे आधी भरून मग क्लेम करायचा. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट, सगळं मूळ प्रतीत लागतं. रॉड-प्लेट बसवली असेल तर तिचा स्टिकर मागायला विसरू नका, त्यावाचून क्लेम अडकतो. हायवेवर दुचाकी घसरली असेल तर एमएलसीची, म्हणजे रुग्णालयाने केलेल्या अपघाताच्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीची, प्रतही घ्या. भरती झाल्याचं टीपीएला बहुधा २४ तासांत कळवायचं असतं.

आई-वडिलांच्या कव्हरला को-पे असेल, म्हणजे बिलाचा २० टक्के वगैरे हिस्सा तुमचा, तर तेवढी रक्कम हाताशी ठेवा. लग्न झालं, मूल झालं की महिन्याभरात नाव टाका. नाहीतर बहुतेक ठिकाणी पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं.

राजीनामा दिला की कव्हर सहसा शेवटच्या दिवशीच संपतं. नोटीस पीरियड सुरू असतानाच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून देण्याचा अर्ज टाका. जुन्या आजारांसाठी भरलेला प्रतीक्षाकाळ (ज्यात त्या आजारांचा खर्च मिळत नाही) मग मोजला जातो, आणि घरात शुगरचा पेशंट असेल तर हे फार मोलाचं.