बादली भरलेली, कोंबडी तहानलेली : वैशाखात निपल रोज दाबून पाहा

एप्रिल आणि मे महिन्यांत परसातली कोंबडी मेली की बहुतेक जण आधी मानमोडीचं (राणीखेत रोगाचं) नाव घेतात. दर उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात मी जी खुराडी पाहतो, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी कारण रोगाचं नसतं. घरी बनवलेली निपलची बादली टांगलेली असते (निपल म्हणजे चोचीने पिन ढकलली की थेंब सोडणारी छोटी तोटी), त्यात पाणीही असतं, पण निपलमधून थेंब येत नसतो. उघड्या भांड्यातलं पाणी संपलं तर येता-जाता दिसतं. निपल बंद पडलेलं दिसत नाही, त्यासाठी बोट लावावं लागतं. म्हणून बाकी काही वाचलं नाही तरी एवढं करा : सकाळी खुराडं उघडताना आणि दुपारी एकच्या आधी प्रत्येक निपलची पिन बोटाने दाबायची. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, एखाद-दुसरं नाही.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असतं. बाहेर पारा ४० च्या वर गेला की चोच उघडी टाकून धापा टाकणं एवढाच तिचा उपाय, आणि त्या धापांतून अंगातलं पाणी उडून जातं. एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिणाऱ्या मोठ्या कोंबडीला या दिवसांत अर्धा लिटर लागतं. वीस कोंबड्यांना दहा लिटर झालं. अंड्याचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो, त्यामुळे एक दिवस पाणी तुटलं तरी अंडी घटतात. दीड दिवस तुटलं तर कोंबडी पिसं गाळून अंडी देणंच थांबवते, आणि मग कितीही चांगलं खाद्य घाला, आठवडे जातात.

मग निपल लावायचंच कशाला, असं कोणी विचारेल. लावायचं, कारण उघड्या घमेल्यात विष्ठा पडते, कोंबड्या त्यात पाय घालतात, चिमण्या-कावळे येऊन पितात. रक्ती हगवण आणि मानमोडी पसरायला तो सोपा रस्ता आहे. शिवाय खालचा भुसा ओला होऊन अमोनियाचा वास सुटतो. निपल चांगलंच आहे. फक्त ते लावलं म्हणजे आपली जबाबदारी संपली असं समजणं घातक.

आता बनवण्याचं.

दुकानदार पाइप, स्टँड, रेग्युलेटर असा तयार संच गळ्यात मारायला बघतो. वीस-पंचवीस कोंबड्यांना त्याची काहीच गरज नाही. सुटी निपलं घ्या, ती स्वस्त असतात. पिन वर ढकलल्यावर आणि बाजूला हलवल्यावर, दोन्ही वेळा पाणी येतं अशीच निपलं मागा. नुसती वर ढकलायची निपलं लहान पिल्लांना जड जातात. पाच-सहा कोंबड्यांना एक निपल धरा. मोठ्या शेडमध्ये आठ-दहाला एक चालतं, पण तिथे लक्ष ठेवायला माणूस असतो. आपल्याकडे दोन जादा लावलेली बरी, एक बंद पडलं तर दुसरं असतं.

बादली झाकणाची आणि अपारदर्शक हवी. खाद्यतेलाचा १५ लिटरचा डबा किंवा खाण्याच्या वस्तूंची झाकणाची बादली उत्तम. कीटकनाशकाचा, तणनाशकाचा कॅन सात वेळा धुतला तरी वापरायचा नाही, यात तडजोड नको. उजेड आत जाणारा पांढरा पातळ प्लास्टिक डबा घेतलात तर आठ दिवसांत आत शेवाळ धरतं आणि तेच निपलमध्ये जाऊन बसतं. काळी बादली उजेड अडवते पण ऊन ओढते. ती असेल तर बाहेरून चुना मारा किंवा गोणपाट गुंडाळा.

साधारण मिळणाऱ्या आट्याच्या निपलला ९ मिलिमीटरचं भोक लागतं. तरी आधी एखाद्या फुटक्या डब्यावर पाडून निपल बसवून बघा, कारण कंपनीगणिक आटे थोडे बदलतात. भोक पाडल्यावर आतला प्लास्टिकचा कीस चाकूने नीट काढा आणि बादली दोनदा खळखळून धुवा. हे नव्वद टक्के लोक करत नाहीत (ही टक्केवारी माझ्या अंदाजाची, पण फार चुकीची नसावी). तोच कीस पिनखाली अडकतो. मग निपल एक तर गळत राहतं, नाही तर बंद पडतं, आणि माणूस माल खराब निघाला म्हणत दुकानात परत जातो. आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप दोन-तीन वेढे गुंडाळा आणि निपल हातानेच आवळा. पान्याने पिळलं तर प्लास्टिक तडकतं. पाणी भरून बादली रात्रभर कोरड्या वर्तमानपत्रावर टांगून ठेवा, कागदावर डाग कुठे पडतो ते सकाळी कळेल.

झाकणाला भोक पाडा. झाकण गच्च बसलं की पाणी खाली जाईल तशी आत हवा यायला जागा राहत नाही. थोडं पाणी येतं आणि मग थांबतं. बादली अर्धी भरलेली, निपल चांगलं, तरी कोंबड्या कोरड्या, याचं सगळ्यात साधं कारण हेच. पेन्सिल जाईल एवढं भोक झाकणाच्या काठाजवळ पाडा आणि त्यावर मच्छरदाणीची जाळी चिकटवा. विस्तवाजवळ तापवलेल्या खिळ्यानेही होतं.

कोंबड्या जास्त असतील तर पाऊण इंची पीव्हीसी पाइप आडवा बांधून त्याला वीस ते तीस सेंटिमीटरवर निपलं लावता येतात. पण पाइप घराच्या गच्चीवरच्या टाकीला सरळ जोडू नका. दहा-पंधरा फुटांवरून येणाऱ्या दाबाने निपलची झडप इतकी घट्ट बसते की चोचीच्या टोच्याने ती उघडत नाही, किंवा मग धार लागते. मध्ये एक बादली ठेवा, तिच्यात बॉल कॉक (पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपोआप बंद होणारा तरंगत्या गोळ्याचा नळ) बसवा, आणि बादलीतलं पाणी निपलपासून एक ते दीड फूट वर राहील एवढंच ठेवा. पाइपचं शेवटचं टोक कायमचं चिकटवू नका. तिथे काढता येणारं बूच हवं, दुपारी तापलेलं पाणी तिथूनच सोडून द्यायचं आहे.

तापलेल्या पाण्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. ३०-३२ अंशांच्या वर पाणी गेलं की कोंबडी ते कमी पिते, नेमकी तिला जास्त गरज असते तेव्हा. उन्हात पडलेल्या पाइपमधलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं. म्हणून बादली सकाळी पूर्ण भरायची नाही. सकाळी निम्मी भरा. बारा-एकला पाइपमधलं गरम पाणी सोडून द्या आणि वरून माठातलं किंवा रांजणातलं गार पाणी घाला. बर्फ टाकायची गरज नाही. आणि पाणी घालायला गेलातच आहात तर निपलं दाबून या.

निपल दाबून किती पाणी यायला हवं? बाटलीच्या टोपणाने पिन वर धरून मिनिटभर पाणी वाटीत घ्या. मोठ्या कोंबड्यांसाठी ते ६० मिलीच्या आसपास भरलं पाहिजे. खाली पिल्लं असतील तर वयाच्या आठवड्यांना सातने गुणून त्यात वीस मिळवा, तेवढे मिली पुरे. ही झाली मोजायची पद्धत. रोज एवढं कोणी करत नाही, म्हणून आणखी दोन खुणा सांगतो. बादलीत बांबूची काडी घालून सकाळ-संध्याकाळ खूण करा. वीस कोंबड्यांत उन्हाच्या दिवशी तीन-चारच लिटर उतरलं असेल तर काहीतरी अडलंय. दुसरं, निपलखालची माती बघा. तिथे ठिपक्या-ठिपक्यांची ओल हवी. चिखल झाला तर निपल गळतंय. दहा वाजता माती ठणठणीत कोरडी असेल तर तिथे सकाळपासून कोणी पाणी प्यायलंच नाही.

संध्याकाळी खाद्य शिल्लक राहायला लागलं तर खाद्य बदलायच्या आधी निपल दाबा. तहानलेली कोंबडी दाणा खात नाही. अशा वेळी दुकानात गेलात की भूक वाढवणारं टॉनिक हातात पडतं. घेऊ नका.

उंची :
- एक दिवसाचं पिल्लू : पिन डोळ्याच्या रेषेत
- पुढे : मान थोडी वर करून चोच लागेल इतकी
- मोठी कोंबडी : पाय जमिनीवर सपाट ठेवून मान ताणावी लागेल इतकी
- दर आठवड्याला पिल्लांबरोबर बादली वर घ्या

सवय लावताना घाई नको. उघडं भांडं एकदम काढून घेणं मे महिन्यात जिवावर बेततं. सकाळच्या गारव्यात तासभर भांडं उचला, बोटाने पिन टकटक हलवून थेंब दाखवा. एक-दोन हुशार तलंगा (तरुण कोंबड्या) शिकल्या की बाकीच्या बघून शिकतात. लाल रंगाच्या निपलकडे त्या लवकर वळतात असं मला वाटतं, खात्री देत नाही. सगळ्या कोंबड्या निपलवर पिताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय भांडं कायमचं हलवू नका. आणि नवतपा (मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत दुपारी सावलीत एक उथळ घमेलं ठेवाच. निपलवर कोंबडीला तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी लाल कातडी) भिजवता येत नाहीत, आणि ते भिजले की तिला बराच गारवा मिळतो. संध्याकाळी घमेलं ओतून धुऊन ठेवा.

बोअरचं पाणी खारट-जड असेल तर पिनवर पांढरा थर बसतो आणि निपल हळूहळू आंधळं होतं. पंधरा दिवसांनी निपलं काढून लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, जुन्या दातब्रशने घासा. बादली भरताना चहाची गाळणी किंवा मलमल लावा.

पाणी शुद्ध करायचं तर ब्लीचिंग पावडरचं प्रमाण एक हजार लिटरला साधारण ६ ग्रॅम आहे. वीस लिटरच्या बादलीला ते कसं मोजणार? ६ ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात ढवळा, गाळ खाली बसू द्या, आणि वरचं निवळ पाणी बादलीत लिटरमागे एक मिली घाला. म्हणजे वीस लिटरला २० मिली. गाळ घातलात तर तोच चुना निपलमध्ये बसणार. द्रावण रोज ताजं करा.

पाण्यातून लस द्यायची असेल तर दोन दिवस आधी ब्लीचिंग बंद, लिटरला ५ ग्रॅम दूध पावडर, आणि लस उघड्या भांड्यात, भल्या सकाळी. निपलच्या बादलीत दूध घालू नका. तेच इलेक्ट्रोलाइट आणि गुळाच्या पाण्याचं. क्षार आणि जीवनसत्त्व क उन्हात उपयोगी पडतात, हे खोटं नाही. पाकिटावर लिहिलंय तेवढंच द्या, पण उघड्या भांड्यातून. गोड पाण्याने निपलमध्ये बुळबुळीत थर धरतो आणि मुंग्या लागतात. महागडी ‘हीट स्ट्रेस’ पावडर बादलीत ओतून निपलं तुंबवलेली खुराडी मी बघितली आहेत. तिथे निपलं साफ करून साधं गार पाणी पुरलं असतं.

उन्हाळ्यातली बाकी कामं :
- दाणा सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचनंतर, दुपारी नाही
- छतावर तुराट्या किंवा पाचट, शक्य असेल तर दुपारी पाणी
- पश्चिमेला ओलं गोणपाट, पण हवा खेळती ठेवून
- खुराड्यात गर्दी कमी
- लस, वजन, हलवाहलव, विक्री : फक्त पहाटे
- रवणावरच्या (अंडी उबवायला बसलेल्या) खुडूक कोंबडीजवळ वेगळं पाणी, ती उठून निपलपर्यंत जात नाही

कोंबडी पंख पसरून, चोच उघडून खाली बसली तर सावलीत घ्या. पाय आणि अंग साध्या पाण्यात भिजवा, डोकं बुडवू नका. चोचीच्या कडेने थेंब-थेंब पाणी द्या, घशात ओतलं तर श्वासनलिकेत जातं. एकाच दिवशी दोन-तीन पडल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, पण निघायच्या आधी निपलं दाबून बघा आणि जे दिसेल ते डॉक्टरांना सांगा.

हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा इशारा आला की दिवसातून दोनदा नाही, चारदा : सकाळी, अकराला, दोनला, चारला. घरात कोणी नसेल तर शेजारच्या पोराला हे काम द्या आणि त्याला अंडी द्या. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर बोअरचं आणि विहिरीचं पाणी गढूळ होतं, तेव्हा गाळणी दुहेरी करा आणि बादलीचा तळ रोज धुवा. निपलं उन्हात जेवढी बंद पडतात, त्याहून जास्त त्या आठवड्यात तुंबतात.