सहा मिनिटांची चाल चाचणी: एमपीटीच्या प्रबंधात या चुका टाळा

कार्डिओरेस्पिरेटरी (हृदय आणि फुप्फुसांच्या) फिजिओथेरपीत एमपीटी, म्हणजे पदव्युत्तर पदवी, करणाऱ्यांचं सहा मिनिटांच्या चाल चाचणीवर भारी प्रेम. रुग्ण सहा मिनिटांत व्हरांड्यात ये-जा करत किती अंतर चालतो, ते मोजायचं. महागडं यंत्र लागत नाही, घड्याळ आणि लांब व्हरांडा असला की झालं. सोपी दिसते म्हणून ती कशीही उरकली जाते. शेवटी आकडे जुळेनात की संख्याशास्त्रज्ञाकडे धाव. पण जे बिघडायचं ते तोवर व्हरांड्यातच बिघडून गेलेलं असतं.

सगळ्यात महागात पडते ती सुरुवातीला एकदाच चाचणी घेण्याची चूक. युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी आणि अमेरिकन थोरॅसिक सोसायटी यांच्या २०१४ च्या मानकांनुसार चाचणी दोनदा घ्यायची, मधे किमान अर्धा तास विश्रांती द्यायची आणि जे अंतर जास्त तेच धरायचं. कारण वळायचं कुठं, दम कुठं राखायचा हे पहिल्या खेपेला कळतं आणि दुसऱ्या खेपेला रुग्ण, काही उपचार न होताही, सरासरी २६ मीटर जास्त चालतो. फुप्फुसाच्या जुनाट आजारात रुग्णाला खरोखर फरक पडला असं म्हणायला साधारण ३० मीटर वाढ लागते. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एकच गट, आधी एक चाचणी, सहा आठवड्यांच्या व्यायामानंतर एक चाचणी, आणि वाढ २८ मीटर! पी मूल्य ०.०५ च्या खाली आलं, म्हणजे वाढ संख्याशास्त्राच्या दृष्टीनं लक्षणीय ठरली, तरी ती वाढ व्यायामाची की सरावाची, हे कोण सांगणार? तुलनेसाठी हा व्यायाम न दिलेला नियंत्रण गट नसेल तर गाईडही सांगू शकत नाही.

व्हरांडा ३० मीटरचा हवा. तेवढी जागा नाही म्हणून १० मीटरवर भागवलं, तर ४०० मीटर चालणाऱ्याला तेराऐवजी एकोणचाळीस वळणं घ्यावी लागतात. प्रत्येक वळणावर वेग तुटतो आणि अंतर घटतं. मग ते अंतर ३० मीटरच्या व्हरांड्यावर बेतलेल्या अपेक्षित अंतराच्या सूत्राशी ताडून ‘अपेक्षेच्या इतके टक्के’ लिहिण्यात काही अर्थ उरत नाही. जागा कमीच असेल तर सगळ्या रुग्णांना तीच लांबी द्या आणि ती प्रबंधात स्पष्ट लिहा. ट्रेडमिल हा पर्याय नव्हे. वेळही विचारपूर्वक ठरवा. नातेवाइकांच्या भेटीच्या वेळेत वॉर्डाबाहेर सरळ रेषेत चालून दाखवणं धडधाकट माणसालाही जमत नाही.

बोलण्याचं काय? सूचना एकच: सहा मिनिटांत जास्तीत जास्त अंतर चाला, पळू नका. एक विद्यार्थिनी मायेनं ‘आजी, सावकाश हं’ म्हणते, दुसरा ‘चला काका, भरभर!’ म्हणून ओरडतो. दोघांचे रुग्ण एकाच तक्त्यात बसवता येत नाहीत. दर मिनिटाला म्हणायची वाक्यं (‘छान चाललंय, अजून पाच मिनिटं आहेत’ अशी) मराठीत आधीच लिहून ठेवा आणि तीच म्हणा. रुग्णाच्या शेजारून किंवा पुढून चालू नका, तो तुमच्या वेगानं चालू लागतो.

वर्गात ही चाचणी विशीतली मुलं एकमेकांवर शिकतात, तिथं कुणी धापा टाकत थांबत नाही. म्हणून सीओपीडीचा (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा) रुग्ण तिसऱ्या मिनिटाला भिंतीला टेकला की विद्यार्थी स्टॉपवॉच बंद करतो. घड्याळ चालूच ठेवायचं असतं. किती वेळ थांबला ते टिपा, खुर्ची जवळ असू द्या. ऑक्सिमीटरही चालताना सतत लावलेला हवा. शेवटी लावला तर मधलं सर्वांत कमी सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) निसटतं, आणि लिहायचं असतं नेमकं तेच. ते ८० टक्क्यांखाली गेलं की चाचणी थांबवा.

चप्पल, इन्हेलर घेतल्याची वेळ, ऑक्सिजनचा प्रवाह आणि सिलिंडर कोण ओढतंय हे सगळं दोन्ही वेळेला सारखं ठेवा.

चाचणीआधी दहा मिनिटं बसवून नाडी आणि रक्तदाब बघा. गेल्या महिन्यात हार्ट अटॅक आलेला असेल किंवा अस्थिर अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून अवचित होणारी छातीदुखी) असेल तर चाचणी नाहीच. विश्रांतीत नाडी १२० च्या वर किंवा रक्तदाब १८०/१०० च्या वर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल चाचण्यांची भारतातली नोंदवही! एप्रिल २०१८ पासून तिथं पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. ‘पायलट’ म्हणून आधी गोळा केलेले रुग्ण नंतर मुख्य अभ्यासात गुपचूप मिसळू नका. नोंदणीची तारीख आणि पहिल्या संमतिपत्रावरची तारीख परीक्षक शेजारी ठेवून बघतात.