गाडीशिवाय स्विस खेड्यात सुट्टीचे घर : माझा अनुभव

आम्हा दोघांनाही गाडी चालवता येत नाही. भाड्याच्या घरांच्या जाहिरातीत ‘स्थानक जवळच’ असे लिहिलेले असते, पण ते अंतर नकाशावरचे असते, हे एंगाडीन खोऱ्यातल्या ग्वार्डाला संध्याकाळी उतरल्यावर कळले; रेल्वे स्थानक खाली दरीत आणि गाव सुमारे दोनशे मीटर उंचावर. चढणीवर बॅगेचे एक चाक निखळले.

पुढच्या वेळी संकेतस्थळावरची ‘सार्वजनिक वाहतूक’ ही खूण लावून पाहिली, घरमालकांनाही विचारले. उत्तर एकच, ‘गाडीने पाच मिनिटे’. वैताग आला.

अखेर क्रम उलटा केला. प्रथम स्विस रेल्वेच्या वेळापत्रकात गावाचे नाव घालून बसथांब्याचे नेमके नाव शोधले, कारण ‘ग्वार्डा, कुम्यून’ हा थांबा गावात आहे आणि स्थानकाचा थांबा वेगळा. मग आमच्या प्रवासाचीच तारीख घालून त्या थांब्यावर पोहोचणारी शेवटची पोस्टबस (खेड्यापाड्यांत जाणारी स्विस सार्वजनिक बस) पाहिली. रविवारचे वेळापत्रक वेगळे असू शकते, म्हणून परतीचा दिवसही तपासला. त्यानंतरच थांब्यापासून पायी दहा मिनिटांच्या आतली घरे नकाशावर निवडली आणि मालकाला दोनच प्रश्न विचारले : थांब्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती, आणि वाणसामानाचे दुकान रविवारी उघडे असते का?

यंदा झुरिक, लांडक्वार्ट, फेराइना रेल्वे बोगदा, ग्वार्डा असा प्रवास करून आम्ही बसमधून उतरलो, तेव्हा घर समोरच्या गल्लीत होते.