अजस्र प्राण्यांचा चित्रपट लेकरांना दाखवावा का, हे कसे ठरवावे?

लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मल्टिप्लेक्समध्ये गॉडझिलाचा हिंदीत डब केलेला चित्रपट लागला की मुले पोस्टर पाहूनच हट्ट धरतात, आणि न्यायचे की नाही याचा निर्णय बहुधा तिकीट खिडकीसमोर होतो. तो आदल्या दिवशी घरी करावा.

आधी चित्रपटाचे सेन्सॉर प्रमाणपत्र पाहावे. २०२४ च्या नियमांनी ‘यूए’ (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा अशा) वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले आहेत. ‘ए’ असेल तर अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेशच नसतो. ‘यूए’वरील वय मात्र पालकांसाठी सूचना असते, म्हणजे ठरवायचे आपणच.

प्राणी किती मोठा आहे, यापेक्षा त्याच्या पायाखालच्या माणसांचे काय होते, हे पाहणे महत्त्वाचे. दोन अजस्र प्राण्यांची कुस्ती मुले आखाड्यातल्यासारखी टाळ्या पिटत पाहतात. याउलट १९५४ च्या मूळ जपानी चित्रपटात, जळत्या टोकियोत एक आई लेकरांना कवटाळून ‘आता आपण बाबांकडे जाऊ’ अशी त्यांची समजूत घालते. चित्रपट कृष्णधवल असला तरी हे दृश्य मोठ्यांनाही जड जाते.

सहा-सात वर्षांपर्यंतची मुले जबड्याला आणि डरकाळीला घाबरतात, आणि ‘हे खोटं आहे’ या समजावणीने त्यांची भीती फारशी जात नाही. त्याहून मोठ्या मुलांना खरोखर घडू शकेल त्याची धास्ती वाटते. आपल्याकडे तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने दगडमातीच्या भिंती आणि माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली. ज्या घरात आजी ती पहाट अजूनही सांगते, तिथल्या लेकराला पडद्यावर ढासळणारी इमारत निव्वळ करामत वाटेलच असे नाही.

ट्रेलर मुलाबरोबर पाहावा, पण नजर मोबाइलवर न ठेवता त्याच्या चेहऱ्यावर ठेवावी. माझा भाचा राक्षसाला हसला आणि गर्दीत आईचा हात सुटलेली मुलगी दिसताच मुसमुसू लागला. आम्ही बेत पुढे ढकलला.

न्यायचे ठरलेच तर खुर्ची मागच्या रांगेत, कडेची घ्यावी, कारण थिएटरमधला घुमणारा आवाज छातीत जाणवतो. बाही ओढली की बाहेर जायचे, असेही आधीच ठरवावे. मध्यंतरात ‘घाबरलास का?’ असे विचारू नये, चारचौघांत कोणतेही पोर नाहीच म्हणेल. ‘पुढे काय होईल?’ असे विचारावे आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.